सिमेंट ‘गेलं’ हे अंगठ्याने ठरवायचं की प्रकाशाने?

ओटी_टेबल_दोन (इंदूर)

नमस्कार मंडळी. मी इंदुरात एका खासगी हॉस्पिटलात ओटी (ऑपरेशन थिएटर) टेक्निशियन आहे. एकोणीस वर्षं झाली, त्यातली तेरा ऑर्थोच्या, म्हणजे हाडांच्या ओटीत. गुडघे आणि खुबे. प्रश्न शेवटी आहे, आधी थोडं पुराण ऐकून घ्या.

गुडघा बदलताना धातूचा भाग हाडावर बसवायला जे वापरतात त्याला आम्ही सिमेंट म्हणतो. घर बांधायच्या सिमेंटशी त्याचं नावापुरतंच नातं, ते असतं ॲक्रिलिक. पाकिटात ४० ग्रॅम पावडर आणि तपकिरी काचेच्या अँप्युलमध्ये २० मिलिलिटर लिक्विड. लिक्विडचा वास एकदा नाकात बसला की जन्मात जात नाही. नखं लावून देणाऱ्या पार्लरवरून गेलो तरी मला टीकेआर, म्हणजे गुडघाबदल आठवतो. दोन्ही बोलमध्ये घालून घोटायचं. आधी धिरड्याच्या पिठासारखं, मग चक्क्यासारखं, मग भिजवलेल्या कणकेसारखं होतं, आणि मग बघता बघता दगड. कणकेच्या अवस्थेला आम्ही ‘डो’ म्हणतो. ग्लोव्हला चिकटायचं थांबलं की डो झाला. मग सर लावायला घेतात आणि लिंबाएवढा एक गोळा स्वतःच्या हातात किंवा ट्रॉलीवर ठेवतात. तो गोळा दाबून दाबून बघायचा, मी घड्याळ बघून ओरडायचं, ‘सर पाच झाली, सर सहा झाली.’ गोळा टक् वाजला की सिमेंट ‘गेलं’. तोवर सरांनी पाय हलू द्यायचा नाही.

आता झालं काय. मे महिना, दिवसातली तिसरी केस, दुपारी अडीचच्या सुमाराची. टिबियाचा (नडगीचा) भाग बसला, फीमरला (मांडीच्या हाडाला) लावायला घेतलं आणि सिमेंट सरांच्या हातातच ताठ व्हायला लागलं. एरवी नऊच्या पुढे जाणारा माल सहाला गेला. सर अनुभवी, त्यांनी ओढून बसवायचा हट्ट केला नाही. सगळं काढलं, पुसलं, दुसरं पाकीट फोडायला लावलं. पेशंटला काही झालं नाही, पंधरा दिवसांनी टाके काढायला काठी घेऊन चालत आल्या. पण त्या संध्याकाळी माझ्या नावाचा मेमो निघाला. ‘मिश्रण प्रमाणाबाहेर ढवळले.’ तेरा वर्षांत शेकडो पाकिटं घोटली, तोच बोल, तोच स्पॅच्युला, तीच कंपनी, घड्याळ लावून तेवढीच मिनिटं. ओटीचा एसी वीसवर. मी काय त्या दिवशी श्रीखंड करायला बसलो होतो?

बोललो कुणाला नाही. रविवारी बहिणीकडे राजेंद्र नगरला गेलो होतो. पोहे खाता खाता भाच्यापाशी मन मोकळं केलं. तो एमएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला. म्हणाला, ‘मामा, हे तर रामनने दिसतं. लेझर टाकायचा, मोनोमर, म्हणजे न जोडलेला सुटा रेणू, किती उरलाय ते लाइव्ह कळतं.’ पोह्यांच्या कागदावर त्याने दोन डोंगर काढून दाखवले, एक लहान होत जातो आणि दुसरा तसाच राहतो म्हणे. शेवेचं तेल लागून तो कागद पारदर्शक झाला, पण मी घडी घालून खिशात ठेवलाय.

तर विचारायचं हे, की खरंच असं प्रकाशाने कळतं का? आणि कळत असेल तर ओटीत असं यंत्र का नाही? त्या दिवशी ते लावलेलं असतं तर चूक हाताची की मालाची, हे निघालं असतं का? मी बारावी बायोवाला आहे, जरा सांभाळून सांगा.

अस्थि_बडोदे

मी ऑर्थोपेडिक सर्जन, बडोद्याला. थोडक्यात लिहितो, राउंड बाकी आहे.

यंत्राची गरज नाही. गोळा, अंगठा आणि घड्याळ, एवढ्यावर आमच्या तीन पिढ्या निभावल्या. पाकिटातल्या कागदावर तापमान आणि वेळेचा तक्ता छापलेला असतो, तो बहुतेक जण पाकिटासकट कचऱ्यात टाकतात. कंपन्या वेळा मोजतात त्या २३ अंशांना. तुम्ही वीसवर काम करता म्हणजे सिमेंट उलट उशिरा जायला हवं. सहाला गेलं तर ते गरम होतं. जास्त घोटल्यानेही फरक पडतो हे खरं, पण एवढा नाही.

ओटी वीसवर होती हे कळलं. पाकीट कुठे होतं?

सुखनिवासकर

डॉक्टरसाहेबांचा शेवटचा प्रश्न अगदी मर्मावरचा आहे. ‘यंत्राची गरज नाही’ यावर मात्र मला बोलायचंय.

मी इंदुरातल्या सुखनिवासच्या लेझर संशोधन केंद्रातून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, उभा जन्म लेझरांत गेला. २००५ मध्ये केंद्राला अणुशास्त्रज्ञ राजा रामण्णांचं नाव लागलं, पण रिक्षावाला अजून जुन्या नावाने कॅटच म्हणतो आणि आम्हीही. भाच्याने सांगितलेले रामन वेगळे, आमचे रामण्णा वेगळे. इंदुरात हा घोळ मी तेव्हापासून निस्तरतोय.

दादा, तुमचा भाचा बरोबर बोलला. एकाच रंगाचा लेझर वस्तूवर टाकला की परत येणारा जवळजवळ सगळा प्रकाश त्याच रंगाचा असतो. कोटीत एखादा कण मात्र रंग बदलून येतो, कारण रेणूतला बंध कंप पावतो आणि तेवढी ऊर्जा ठेवून घेतो. किती ठेवून घेतली यावरून कुठला बंध ते कळतं. २८ फेब्रुवारी १९२८ ला सर सी. व्ही. रामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कलकत्त्यात हे पाहिलं, तेव्हा त्यांच्याकडे लेझर नव्हता, सूर्य आणि पाऱ्याचा दिवा होता. आपण विज्ञान दिन साजरा करतो तो याचाच.

आता तुमचं लिक्विड. त्यात बहुतेक सगळं मिथाइल मेथाक्रिलेट, म्हणजेच तो मोनोमर. प्रत्येक रेणूत कार्बन-कार्बनचा एक दुहेरी बंध, म्हणजे माणसाने स्वतःचेच दोन्ही हात एकमेकांत गुंफून बसावं तसं. पावडरमध्ये बेंझॉइल पेरॉक्साइड असतं. तेच, जे तारुण्यपीटिकांच्या मलमात असतं. लिक्विडमध्ये अमाईन असतं, डायमिथाइल पॅराटोल्युडीन. दोघं भेटले की पेरॉक्साइड साध्या खोलीच्या तापमानाला फुटतं, नाहीतर त्याला चांगलं तापवावं लागलं असतं. फुटलेला तुकडा जाऊन कुणाचे तरी गुंफलेले हात सोडवतो, तो शेजाऱ्याचा हात धरतो, शेजारी पुढच्याचा. अशी साखळी लांबत जाते. रामनच्या आलेखात गुंफलेल्या हातांची खूण १६४० च्या आसपास दिसते (हे आकडे ‘दर सेंटीमीटर’ या एककात, रंग किती बदलला ते सांगणारे). साखळी होते तसतशी ती बसत जाते, हा कागदावरचा लहान होणारा डोंगर. १७३० जवळ कार्बन-ऑक्सिजनच्या दुहेरी बंधाची खूण असते. तो बंध या भानगडीत पडत नाही, म्हणून ती तशीच राहते. तिला पंच समजा. लेझर हलला, प्रकाश कमी झाला तर दोन्ही खुणा सारख्याच उतरतील. पंच जागेवर आणि पहिली खाली, तर मोनोमर खरोखर संपतोय.

इथवर भाचा सांगेल. पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि मी ते एका जुन्या मित्राच्या प्रयोगशाळेत कोल्ड क्युअर, म्हणजे न तापवता घट्ट होणाऱ्या ॲक्रिलिकवर डोळ्यांनी पाहिलंय. पहिली काही मिनिटं ती १६४० ची खूण जवळजवळ हलतच नाही! वाटीत माल चक्क्यासारखा, मग कणकेसारखा होतो आणि पडद्यावर रेषा आडवी. मी मित्राला म्हणालो, ‘तुझं यंत्र बिघडलंय.’ बिघडलं नव्हतं. पावडरमधले बारीक मणी हे आधीच तयार झालेलं पॉलिमर, म्हणजे जोडून झालेल्या साखळ्या. लिक्विडमध्ये पडल्यावर ते भिजतात, फुगतात, कडेने विरघळतात, साबुदाणा भिजतो तसे. पातळ पदार्थ घट्ट होतो तो या भिजण्यामुळे. हात अजून कुणी फारसे सोडलेलेच नसतात. म्हणजे तुमचा डो ही बरीचशी भिजण्याची गोष्ट आहे, रसायन नंतर धावत येतं. आणि येतं तेव्हा धो धो येतं, कारण माल घट्ट झाला की लांबलेल्या साखळ्यांची टोकं एकमेकांना भेटून थांबू शकत नाहीत, चिमुकला मोनोमर मात्र त्यांच्यापर्यंत पोचतोच. वाढ चालू, थांबणं बंद. जेल इफेक्ट म्हणतात त्याला. रेषा कड्यावरून पडल्यासारखी खाली येते आणि त्याच सुमाराला उष्णता सुटते.

उष्णता किती? २० मिलिलिटर मोनोमर पूर्ण जोडला गेला तर सुमारे साडेदहा किलोज्यूल. शंभर मिलिलिटर पाणी पंचवीसेक अंशांनी तापेल एवढी, आणि ती साठ ग्रॅमच्या लगद्यात. तुमचा हातातला गोळा चटका देतो तो उगाच नाही. हाडावर दोन-तीन मिलिमीटरचा थर असतो, धातू आणि रक्त उष्णता ओढून घेतात, म्हणून तिथे तेवढं तापत नाही.

तर दादा, तुमचा अंगठा मोजतो घट्टपणा आणि प्रकाश मोजतो जोडलेले हात. दोघांची वही वेगळी. डो कधी झाला हे सांगायला अंगठाच बरा, तिथे लेझर आंधळा आहे. पण कडा कधी आला, किती खोल पडला आणि खाली किती मोनोमर न जोडता राहिला, हे अंगठ्याच्या बापालाही कळायचं नाही.

ओटीत का नाही, तर रामनला अंधार लागतो आणि तुमच्याकडे डोक्यावर सूर्य टांगलेला. शिवाय रक्त, चरबी, कुणी सिमेंटमध्ये हिरवं रंगद्रव्य घातलेलं. हिरव्या लेझरखाली हे सगळं उजळून मूळ खूण बुडवतं. आणि प्रोब निर्जंतुक करायचा, सगळ्यांनी लेझरचे चष्मे लावायचे, वर तो बघणार पृष्ठभागाचा छोटासा ठिपका. जवळच्या अवरक्त प्रकाशाने, १.६२ मायक्रॉनच्या आसपास, जरा खोलवर बघता येतं. तिथेही त्याच दुहेरी बंधाची एक खूण आहे आणि पाणी त्या पट्ट्यात त्यामानाने गप्प असतं. टेलिफोनच्या फायबरमधूनही तो प्रकाश सहज जातो. मला विचाराल तर ओटीसाठी कधी काही झालंच तर याच्याने होईल. पण ते झालं तर. आज तुम्हाला हवाय एक थर्मामीटर.

ओटी_टेबल_दोन

काका, दोनदा वाचलं. साबुदाणा डोक्यात बसला. आता घोटताना तेच दिसणार.

डॉक्टरसाहेब, पाकिटं ओटीच्या बाहेरच्या कॉरिडॉरमधल्या स्टीलच्या कपाटात असतात, कुलपात. सकाळी दिवसभराच्या केसेसची काढून ट्रेमध्ये ठेवायची असा नियम आहे. त्या दिवशी तिसरी केस ऐनवेळी वाढलेली. तिचं पाकीट सिस्टरने केस लागल्यावर कपाटातून आणलं. एवढं आठवतंय. कपाट किती गरम असतं ते कधी बघितलं नाही. उद्या बघतो.

रामबागची_मावशी

माझे दोन्ही गुडघे बदलून सहा वर्षं झाली. हे सगळं माझ्या पायात आहे हे आज कळलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं ‘सिमेंटने बसवू’, मी मनात म्हटलं, बरं, आमच्या ह्यांनी ओटा बसवला तसंच असेल.

एक विचारू का? सुखनिवासकर भाऊजींनी लिहिलंय की खाली काही मोनोमर न जोडता राहतो. तो मग जातो कुठे? मला रात्रीची झोप लागू द्या.

अस्थि_बडोदे

मावशी, झोपा निवांत. सगळा मोनोमर कधीच जोडला जात नाही, कारण माल कडक झाला की उरलेल्या रेणूंना हलायला जागा राहत नाही. सुरुवातीला काही टक्के उरतो, पुढच्या आठवड्यांत त्यातला काही जोडला जातो, काही हळूहळू झिरपतो. रक्तात येतो त्याचं शरीर विघटन करतं, थोडा श्वासावाटे निघून जातो. सहा वर्षांनी तुम्ही काळजी करायची ती वजनाची आणि जिन्याची.

सिमेंट भरताना रक्तदाब उतरू शकतो, खास करून खुब्यात, म्हणून आम्ही भरायच्या आधी भूलतज्ज्ञांना मोठ्याने सांगतो. टेक्निशियनने मिनिटं ओरडणं हा त्यातलाच भाग. ओरडत राहा.

आणि सुखनिवासकरांना एक कबुली. गुडघ्यात मला यंत्र नको, हे म्हणणं कायम. पण मणक्यात सुईने सिमेंट भरतो तेव्हा माल पातळ असेल तर भलतीकडे गळतो आणि घट्ट झाला तर सुईतच अडकतो. मधली खिडकी लहान. तिथे हातात गोळा धरून उभं असताना दर वेळी वाटतं की कुणीतरी आतलं सांगावं. तुमच्या म्हणण्याप्रमाणे ती खिडकी नेमकी प्रकाशाला न दिसणारी आहे. हे वाचून वाईट वाटलं.

प्रयोगवही

मी कॉलेजात फिजिक्स शिकवते, इंदुरातच. भाच्यासाठी लिहितेय, मामांनी त्याला दाखवावं.

पहिली गोष्ट, खरं बोन सिमेंट प्रयोगात फुकट घालवू नकोस, महाग असतं. दातांच्या सामानाच्या दुकानात सेल्फ क्युअर ॲक्रिलिक मिळतं, दुकानदार त्याला कोल्ड क्युअर म्हणतो. पावडर आणि लिक्विड, रसायन जवळजवळ तेच, फक्त एक्स-रेत दिसण्यासाठी घातलेलं बेरियम सल्फेट किंवा झिर्कोनिया नसतं. यात गंमत ही की हाडांत हे आलंच दातांकडून. १९५८ मध्ये इंग्लंडात जॉन चार्नलींनी खुब्यात ॲक्रिलिक वापरायला घेतलं, तेव्हा त्यांना ते सुचवणारे डेनिस स्मिथ मँचेस्टरच्या दंतवैद्यक महाविद्यालयातले होते.

आमच्याकडे ७८५ नॅनोमीटरचा फायबर प्रोबवाला छोटा रामन आहे. ७८५ घेतलास तर १६४० ची खूण ९०१ नॅनोमीटरला पडते आणि १७३० ची ९०८ ला. साध्या सिलिकॉन डिटेक्टरला दोन्ही दिसतात. दहा-दहा सेकंदांचे स्पेक्ट्रम, म्हणजे ते खुणांचे आलेख, सलग घे. खोलीतले दिवे बंद, प्रोबवर काळं कापड. मोबाइलचा पडदासुद्धा पालथा ठेव. माझ्या एका विद्यार्थिनीने ट्यूबलाइटच्या रेषांना नवीन बंध समजून दोन पानं लिहिली होती.

आता जिथे हमखास फसतात ते सांगते. मिथाइल मेथाक्रिलेट भराभर उडतं. उघड्या वाटीत पृष्ठभागावर लेझर धरलास तर १६४० ची खूण कमी होईलच, पण ती जोडणीने की उडण्याने, हे कळणार नाही. आणि आलेख इतका सुंदर येतो की संशयही येत नाही. म्हणून माल घातल्याबरोबर वर काचेची कव्हरस्लिप दाबून बसव आणि काचेतून बघ. काचेमुळे हवाही लागत नाही, ऑक्सिजन पृष्ठभागाची साखळी अडवतो तो त्रास वाचतो.

दुसरी अडचण शून्याची. तू घोटेस्तोवर मिनिट जातं, म्हणजे ‘अजून काहीच झालं नाही’ हा बिंदू हुकलेला असतो. त्यावर दातवाल्यांकडेच उपाय आहे. हीट क्युअरचं, म्हणजे तापवून घट्ट करायच्या ॲक्रिलिकचं लिक्विड घे, त्यात अमाईन नसतं. कोल्ड क्युअरच्या पावडरीत तेवढ्याच प्रमाणात ते घातलंस तर भिजेल, फुगेल, पण खोलीच्या तापमानाला लगेच जाणार नाही. त्याचा स्पेक्ट्रम हा तुझा शून्य. त्या लिक्विडात क्रॉसलिंकर (साखळ्या एकमेकींना बांधणारा) थोडा असतो, बाटलीवर वाच आणि वहीत लिही. समजा शून्याला दोन खुणांचं गुणोत्तर ०.३० आलं आणि शेवटी ०.०३, तर नव्वद टक्के जोडणी. पावडरचा कार्बोनिलही (तोच कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध) त्या १७३० मध्ये मिसळलेला असतो, म्हणून शुद्ध लिक्विडचं गुणोत्तर शून्य म्हणून वापरू नकोस. आकडा साफ चुकेल.

आणि शेजारी थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, ठेवच. पातळ थरात उष्णता काचेत निघून जाते, गोळ्यात साठते. एकाच वाटीतला माल कव्हरस्लिपखाली उशिरा जाईल आणि गोळा आधी जाईल. तापमान न लिहिता काढलेला आलेख मी तपासणार नाही.

तुझ्या गाइडचं पत्र घेऊन ये. बुधवारी दुपारी यंत्र मोकळं असतं.

सुखनिवासकर

बाईंच्या उडणाऱ्या मोनोमरच्या मुद्द्याला साष्टांग नमस्कार. माझ्या मित्राची पहिली तीन बाडं त्यापायीच रद्दीत गेली.

ओटी_टेबल_दोन

मंडळी, उशीर झाला, चार आठवड्यांनी लिहितोय. आधी कपाट.

दुसऱ्या दिवशी सर्जिकलच्या दुकानातून साधा भिंतीवरचा थर्मामीटर आणला, एकशे वीस रुपयांचा. कपाटात सिमेंटच्या खणात ठेवला. सकाळी साडेसातला २६. मी म्हटलं, एवढं काही नाही. दुपारी दोनला बघितलं तर ३४. हात लावून बघितलं, खणाची मागची बाजू कोमट. कपाट ज्या भिंतीला टेकून आहे तिच्या पलीकडे ऑटोक्लेव्हची, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्राची खोली आहे, हे मला तेरा वर्षं माहीत आहे. रोज त्याच खोलीतून ड्रम आणतो. दोन गोष्टी डोक्यात एकत्र कधी आल्याच नाहीत. पहिल्या दोन केसेसचा माल सकाळीच ट्रेमध्ये, तासन्‌तास वीसला थंड झालेला. तिसरीचा थेट भिंतीवरून.

नुसतं बोलून कोण ऐकणार, म्हणून काकांना फोरमवरच निरोप टाकून विचारलं आणि कोल्ड क्युअरचा एक डबा आणला. रविवारी घरी बायकोच्या दोन वाट्या घेतल्या (आता त्या माझ्याच झाल्या). एका वेळेची पावडर-लिक्विड रात्रभर एसीच्या खोलीत ठेवली, दुसरी ओट्यावर गॅसपासून हातभर लांब. लिक्विड पेटतं, म्हणून गॅस त्या दिवशी बंद आणि खिडक्या सताड उघड्या. दोन्ही तेवढीच घोटली, भाच्याने घड्याळ धरलं. ओट्यावरची साडेचार मिनिटं आधी गेली. हात तोच, घोटणं तेच.

मग भाचा बुधवारी मॅडमकडे गेला. मलाही ऑफ होता, सोबत गेलो. अंधाऱ्या खोलीत काळ्या कापडाखाली एक लाल ठिपका, आणि समोर कॉम्प्युटरवर ते दोन डोंगर. माझ्या हातात त्याच वाटीतला गोळा दिला होता. मॅडम म्हणाल्या, ‘तुम्ही डो म्हणाल तेव्हा मी वहीत खूण करते.’ ग्लोव्ह सुटायला लागला तसा मी म्हणालो, ‘डो.’ भाच्याने पडद्याकडे बघितलं, डोंगर तस्साच. ‘मामा, अजून काहीच झालं नाही.’ मी म्हटलं, झालंय, तू हात लावून बघ. त्याने लावला. मग म्हणे, हो रे. पुढे गोळा कोमट व्हायला लागला तेव्हा मी काहीच बोललो नाही, कारण एवढ्यात पडद्यावरचा डावीकडचा डोंगर खचायला लागला होता आणि मला तोच बघायचा होता. गोळा हातात भाजला तेव्हा भानावर आलो. कव्हरस्लिपखालचा माल मात्र अजून मऊ होता, मॅडमने टाचणीने टोचून दाखवला.

थर्मामीटरचे आठ दिवसांचे आकडे एका कागदावर लिहून सरांना दिले, सकाळ-दुपार असे. सरांनी दोन मिनिटं वाचलं. ‘ऑटोक्लेव्हची भिंत होय,’ एवढंच म्हणाले. आता सिमेंटचा खण रिकामा, पाकिटं आदल्या संध्याकाळीच ओटीतल्या ट्रॉलीवर येतात आणि एक जास्तीचं नेहमी थंड ठेवलेलं असतं, वाढीव केससाठी. मेमो मागे घेतल्याचं कुणी लिहून दिलेलं नाही. मी मागितलंही नाही अजून. या सोमवारी मागणार आहे, आकड्यांच्या कागदाची झेरॉक्स जोडून.

सुखनिवासकर काका, भाचा विचारतोय की १.६२ मायक्रॉनचा दिवा आणि डिटेक्टर जुना-पुराणा कुठे मिळेल. बेरियमवाल्या मालात तो किती खोल दिसतो हे त्याला बघायचंय. मुदत संपलेली दोन पाकिटं स्टोअरमध्ये आहेत, नोंद करून मिळतील.

सुखनिवासकर

रविवारी सकाळी घरी पाठव. माळ्यावर एक पेटी आहे, तिच्यात बघू. पोहे इथेच खाईल म्हणावं, कागद मात्र मी देणार नाही, वही आणायची.